खाटेला टांगलेली लाल पाटी

चाळीस वर्षे मी इंजिनांवर चढलो, उतरलो, त्यांच्या पोटाखाली सरपटलो. पडलो ते स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. हातात दाढीच्या पाण्याचा तांब्या होता. तांब्या घरंगळत अंगणापर्यंत गेला आणि मी उंबऱ्यातच राहिलो. डाव्या खुब्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. लोखंडाचे आवाज ओळखण्यात आयुष्य गेले होते, त्यामुळे हा आवाज लोखंडाचा नाही, एवढे लगेच कळले.

नांदेडला शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून त्या जागी धातूचा बसवला. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलत. मी रेल्वेत लोको फोरमन होतो हे कळल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला समजावणे सोपे आहे. गोळा नवा आहे, वाटी तुमची जुनीच आहे. दोघांची ओळख हळूहळू व्हायला हवी."

त्यांनी नियम सांगितले. सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. उकिडवे बसणे जन्मभर बंद. सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या कोणी तरी पाय उचलून चाळीस वेळा वाकवायचा आणि सरळ करायचा. सहा आठवडे पूर्ण झाले की दुसऱ्याच दिवशी उभे राहायचे. "त्यानंतर अंथरुणात काढलेला प्रत्येक दिवस तुमच्याविरुद्ध जाईल," ते म्हणाले. "सांधा आखडला, तर मग मी काही करू शकणार नाही."

पूर्णेच्या घरी मला पुढच्या खोलीत ठेवले. खिडकीतून लिंबाची एक फांदी, शेजारच्या घराचे पत्रे आणि त्यावर ठेवलेले तीन दगड दिसत. दोन मांड्यांमध्ये उशी, डावी-उजवीकडे वाळूच्या पिशव्या. कूस बदलता येत नसे. शौचासाठी भांडे. ते पत्नी उचलत असे, आणि त्या वेळी मी पत्र्यांवरचे दगड पाहत असे. रेल्वेचे रूळ घरापासून हाकेच्या अंतरावर होते. गाडी आली की खाट हलायची. गाडी निघून जायची, खाट तिथेच.

चौथ्या दिवशी पत्नीचे मनगट सुजले. माझ्या पायाचे ओझे तिच्या वयाला पेलणारे नव्हते. सूनबाई शाळेत शिकवीत. सकाळी लवकर जात. मुलगा नोकरीला परगावी. पाय वाकवण्याची संख्या चाळीसवरून वीसवर आली, मग दहावर.

त्याच आठवड्यात मिस्त्री आला.

तो फिटर होता. माझ्या हाताखाली अकरा वर्षे. माझ्या मागोमाग दोन वर्षांनी निवृत्त झाला. उजव्या पायाचा पुढचा अर्धा पंजा नसल्याने तो त्या बुटात कापडाचा बोळा घालून चाले. रुळांच्या पलीकडे बौद्ध वस्तीत त्याचे घर होते. एका गावात राहूनही तो माझ्या घरी कधी आला नव्हता. मीही त्याच्या घरी गेलो नव्हतो.

दारात उभा राहून त्याने खाटेकडे पाहिले, माझ्याकडे नाही.

"कितीदा हलवायचा म्हणले पाय?"

"चाळीस. दोन वेळा."

"आन् किती हलवायलात?"

"दहा."

"वैनी, तुमी हात लावू नका आता," तो पत्नीला म्हणाला. "ह्याला मोटर पायजे."

तीन दिवसांत त्याने यंत्र उभे केले. खाटेच्या चार पायांना पाइपाची चौकट बांधली. वर कप्पी. शिवणयंत्राची मोटर, तिचा वेग कमी करण्यासाठी सायकलची लहान-मोठी दोन चक्रे आणि साखळी. मोठ्या चक्राला दांडा, दांड्याला दोरी, दोरीला गुडघ्याखालची कॅनव्हासची झोळी. चक्राचा एक फेरा म्हणजे गुडघा एकदा वर, एकदा खाली. काटकोनाच्या आधीच दोरी अडावी म्हणून चौकटीत एक खुंटी ठोकली. खुंटीचे माप मी काढून दिले. डॉक्टर दर बुधवारी आमच्या गावी रुग्ण पाहायला येत. त्यांनी घरी येऊन यंत्र तपासले, खुंटी बोटभर खाली घ्यायला लावली, आणि म्हणाले, "परदेशात असली यंत्रे दवाखान्यांत असतात. इथे मी प्रथमच पाहतो आहे."

सूनबाई मला म्हणाल्या, "मामा, हा तर यंत्रमानवच झाला. फक्त डोके नाही त्याला."

"डोकं कशाला लागतंय बाई," मिस्त्री म्हणाला. "डोकेवाला खाली निजलाय की."

मी हसलो नाही. मला ते आवडले होते.

कंबर हलू नये म्हणून एक पट्टा कमरेवरून आणि एक उजव्या नडगीवरून खाटेखाली जात असे. बकले खाटेच्या खाली होती. माझा हात तिथवर पोचत नसे. पट्टे मिस्त्री सकाळी येऊन आवळी. पत्नी बटण दाबत असे. एका सकाळी बटण दाबून ती बाजारात गेली आणि गुडघा वर असतानाच वीज गेली. पाय दोरीला लटकलेला, मी पट्ट्यांत. हाक मारण्यात अर्थ नव्हता. घरात कोणी नव्हते. दीड तास मी माझ्याच पायाकडे पाहत होतो. तो मला माझा वाटेना. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मोठ्या चक्राला हाताने फिरवायचे हँडल बसवले आणि ते माझ्या उजव्या हाताजवळ आणून ठेवले. बकले मात्र खालीच राहिली.

यंत्र सुरू झाले त्याच दिवशी त्याने पिशवीतून लाल रंगाची पत्र्याची पाटी काढली आणि तारेने खाटेच्या पायथ्याला टांगली. तिच्यावर खडूने लिहिले, 'काम चालू आहे. हलवू नये.' खाली स्वतःचे नाव आणि वेळ.

बाहेरच्या माणसाला यातले काही कळणार नाही, म्हणून सांगतो. इंजिनाखाली काम करायला जाणारा फिटर आधी इंजिनाच्या पुढच्या बफरला लाल पाटी टांगतो. पाटी आहे तोवर इंजिन तसूभरही हलायचे नाही, मग गाडी कितीही खोळंबो. ज्याने पाटी टांगली त्यानेच ती उतरवायची. तो हजर नसेल, तर फोरमनने स्वतः खाली उतरून, दोन्ही बाजूंनी वाकून पाहायचे, वहीत लेखी नोंद करायची आणि मगच पाटीला हात लावायचा. मी हा नियम इतका कडक पाळून घेतला, की माझ्या पाठीमागे मला 'पाटीवाला' म्हणत. घरातही पत्नी इतक्या वर्षांत लाल रंगाच्या पत्र्याला कधी शिवली नाही.

सहा आठवडे संक्रांतीच्या सुमारास पुरे होत होते. त्या वर्षी संक्रांतीलाच औरंगाबादच्या विद्यापीठाला नाव देण्याचे ठरले होते. मिस्त्रीने सोळा वर्षे त्या दिवसाची वाट पाहिली होती. नामांतराच्या पहिल्या ठरावाच्या वर्षी गावाकडे त्याच्या भावाचे घर जाळले गेले होते. तेव्हा तो चार दिवस कामावर आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि थेट इंजिनाखालच्या पिटमध्ये उतरला. मी त्याची चार दिवसांची गैरहजेरी मांडली. नियम तसा होता.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, बुधवारी, तो पहाटेच्या बसने औरंगाबादला निघून गेला. आदल्या संध्याकाळी पट्टे सैल करताना म्हणाला होता, "शनवारी येतो. वैनी, तेल द्या साखळीला."

त्याच बुधवारी दुपारी डॉक्टर आले. त्यांनी पाय सर्व बाजूंनी फिरवून पाहिला, समाधानाने मान हलवली. "उत्तम. पट्टे काढून टाका. उद्या सकाळी उभे राहा. आधी वॉकर, मग काठी."

डॉक्टर गेले. पत्नीने पट्टे सोडले आणि वॉकर आणून खाटेजवळ ठेवला. गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "चला, उठायचं ना? मी धरते."

"पाटी आहे," मी म्हणालो.

"कुठली पाटी?"

मी बोट दाखवले. तिने पाटी पाहिली आणि ती स्वयंपाकघरात गेली. सूनबाई मात्र रेल्वेच्या घरातल्या नव्हत्या. त्यांचे माहेर सेलूचे, कापसाच्या व्यापाऱ्यांचे. त्या हसल्या. "मामा, तुम्ही पण ना! काढते मी." त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!"

एवढ्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोललो नव्हतो. त्यांचा हात हवेतच थांबला. "मिस्त्री शनिवारी येतो आहे," मी हळू आवाजात म्हणालो. "दोन दिवसांनी काही बिघडत नाही."

शनिवारी तो आला नाही. रविवारीही नाही. औरंगाबादेकडून बातम्या येत होत्या. नाव दिले गेले होते. आमच्याकडे कुठे बंद, कुठे दगडफेक, एसटी बंद. मुलगा त्या रविवारी घरी येऊ शकला नाही. मी पडून होतो. पट्टे नव्हते, उशी नव्हती, वाळूच्या पिशव्या दाराबाहेर काढल्या होत्या. मला बांधून ठेवणारे आता काहीच उरले नव्हते. पायथ्याला एक वितीचा पत्रा लटकत होता, एवढेच. सकाळ-संध्याकाळ हँडल मी स्वतः फिरवीत होतो. चाळीस वेळा. नियमाने.

"लोक काय म्हणतील," पत्नी म्हणाली, "पत्र्याला भिऊन बसलेत म्हणतील."

"म्हणू द्या."

"अहो, पाय आखडंल. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकले."

"मग?"

मी हँडल फिरवू लागलो. उत्तर असे होते.

बावीस वर्षांपूर्वी माझी नेमणूक दुसरीकडे, एका लहान शेडमध्ये होती. शेडचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मालगाडीला इंजिन हवे होते. गाडी अगोदरच दोन तास लेट, आणि कंट्रोलचा फोन तिसऱ्यांदा आला होता. इंजिनाच्या बफरला पाटी होती. तिच्यावर मिस्त्रीचे नाव होते. मी एका बाजूने वाकून पाहिले, हाक मारली. वाफेचा आवाज फार होता. उत्तर आले नाही. तो चहाला गेला आणि पाटी विसरला, असे मी धरून चाललो. नियमातला एका बाजूने वाकण्याचा भाग मी पाळला. दुसऱ्या बाजूने पाहिले नाही. वहीत नोंद केली नाही. पाटी काढली आणि ड्रायव्हरला हात केला. इंजिन अर्धे चाक हलले. मिस्त्री पलीकडच्या बाजूला ब्रेकचा दांडा बसवीत होता.

चौकशीत मी लिहून दिले, 'पाटी लावलेली आढळली नाही.'

दवाखान्यात त्याचा जबाब घेतला, तेव्हा मी खाटेशेजारी उभा होतो. अधिकाऱ्याने विचारले, पाटी लावली होती का? मिस्त्रीने छताकडे पाहिले आणि म्हणाला, "आठवत नाही." ताकीद त्याला मिळाली, पाटी न लावल्याबद्दल. त्याला काही वर्षे हत्यारखोलीत हलके काम दिले. मला बढती मिळाली. पुढे पूर्णेत तो पुन्हा फिटर म्हणून माझ्या हाताखाली आला. त्यावर आम्ही दोघे कधीही बोललो नाही. पाटीचा नियम मी सर्वांत कडक पाळून घ्यायला लागलो, तो त्यानंतर.

हे पत्नीला ठाऊक नव्हते. कोणालाच नव्हते. त्याच माणसाने माझ्या खाटेला पाटी टांगली होती. का टांगली, ते इतके आठवडे मी विचारले नाही. दुसऱ्यांदा त्याच्या नावाची पाटी त्याच्या पाठीमागे उतरवणे मला शक्य नव्हते. पाय जातो तर जावो.

एक गोष्ट आणखी आहे, तीही लिहिली पाहिजे. मला उभे राहण्याची भीती वाटत होती. नवा गोळा भार घेईल यावर माझा विश्वास नव्हता. पाटीमुळे ती भीती कोणाला दिसली नाही. यातले किती पाटीमुळे आणि किती भीतीमुळे, हे मला आजही वेगळे करून सांगता येणार नाही.

सोमवारी सूनबाई शाळेतून येताना रूळ ओलांडून मिस्त्रीच्या घरी जाऊन आल्या. आमच्या घरातून तिकडे गेलेले पहिले माणूस त्याच. "काही निरोप नाही," त्या म्हणाल्या. "त्यांची बायको दारातच बसली आहे. बसची वाट बघत. मला चहा घे म्हणाली, मी घेतला." मग खाटेजवळ थांबून म्हणाल्या, "मामा, ते नाहीच आले तर?"

मी तोच विचार करीत होतो. तो आला नाही, तर ही पाटी कोणाच्याच हाताने उतरणार नव्हती. नियमातली तरतूद होती. पण फोरमन मीच होतो आणि खाली निजलेलाही मीच होतो.

बुधवारी डॉक्टर आले. मला खाटेवर पाहून ते आधी घाबरले, मग चिडले.

"ताप आला? पडलात?"

"नाही."

"मग उभे का राहिला नाहीत?"

पत्नीने पाटी दाखवली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. पाय वाकवून पाहिला. या वेळी मान हलवली नाही.

"आठवड्यापूर्वी हा इथवर येत होता," त्यांनी हाताने दाखवले. "आता यंत्राच्या खुंटीपाशी थांबतो. त्यापुढे जात नाही. तुम्ही चाळीस वेळा हलवता, ते मान्य. पण भाराशिवाय सांध्याला काही कळत नसते. पुढच्या बुधवारी मी आलो आणि तुम्ही निजलेले असलात, तर मी आत येणार नाही. दारातूनच परत जाईन." पायरीवरून पत्नीला म्हणाले, "मी जे बोललो ते रागाने नाही. हा माणूस कायमचा खाटेला लागेल."

त्यानंतरचे दोन दिवस मी तीन दगड पाहत होतो.

शुक्रवारी चारच्या सुमाराला अंगणात पाऊल वाजले. एक पूर्ण, एक अर्धे. मी ते आवाज ओळखत होतो. मिस्त्री आत आला. दाढी वाढलेली, कपाळावर पट्टी, सदऱ्याला निळी रिबन, मळलेली. तो थेट आमच्याकडेच आला होता की घरी जाऊन, ते मी विचारले नाही.

"साहेब! अजून पडूनच?"

"पाटी आहे," मी म्हणालो.

त्याला आधी कळले नाही. मग त्याने खाटेच्या पायथ्याकडे पाहिले, वॉकरकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले.

"वैनी, डागदरनी उठू नका म्हणलंय का?"

"मागल्या आठवड्यातच उठा म्हणलेत," पत्नी म्हणाली. "न्हाई उठले. पत्र्याला हात लावू देईनात. कालपरवा डागदर ओरडून गेले. तुमीच सांगा आता, मी लय बेजार झाले."

"अवो, ती पाटी तर मी तुमच्यासाठी टांगली व्हती," मिस्त्री तिला म्हणाला. "येणारा-जाणारा खाटेवर बसंल, पाहुणे पाय धरून पाया पडतील, म्हनून. साहेबासाठी न्हाई." आणि तो हसायला लागला. हसता हसता थांबला. माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू सावकाश गेले.

मी म्हणालो, "त्या दिवशी पाटी होती."

पत्नी दारात उभी होती. सूनबाई तिच्या मागे.

"ठाऊक हाय की," मिस्त्री म्हणाला. "मीच लावली व्हती."

"आठवत नाही, असे सांगितलेस."

"तुमी जवळच उभे व्हता साहेब. काय सांगणार?"

बाहेरून गाडी गेली. खाट हलली.

मग त्याने वाकून तार उलगडली. तार गंजली होती, वेळ लागला. पाटी काढून त्याने ती मांडणीवर ठेवली आणि माझ्या काखेत हात घातला. "दमानं. आधी उजवा. डाव्याला नुस्ता टेकवा. टेकवा म्हणलं ना, मी हाय."

मी उभा राहिलो. गोळ्याने भार घेतला. चार पावले टाकली, पाचव्याला बसलो. पत्नी त्या संध्याकाळी जेवताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. कारण पाय नव्हता, हे मला कळत होते. ती दुसऱ्या दिवशी बोलली. काय बोलली, ते इथे लिहीत नाही.

मिस्त्रीने यंत्र सुटे करून नेले, पण पाटी मांडणीवरच राहिली. फाल्गुनात मी काठी घेऊन एकटा घराबाहेर पडलो. पाटी काखेत होती. फाटक ओलांडले, दोनदा थांबलो. वस्तीत त्याचे घर विचारावे लागले.

तो अंगणात एका पंपाचा पिस्टन घासत बसला होता. उठला.

"पाटी कशाला आणली साहेब?"

"तुमची आहे."

त्याने ती हातात घेतली. खडूची अक्षरे तशीच होती. बायकोकडून ओले फडके मागून त्याने ती पुसली आणि पाटी उन्हात भिंतीला टेकवून ठेवली. मग घरातून लोखंडी खुर्ची आणली. "बसा. वर बसा, खाली न्हाई."

मी बसलो. डावा पाय खुंटीच्या मापाइतका वाकला आणि थांबला. तो पिस्टन हातात घेऊन पाहत होता.

"नऊ दिवस फुकट घालवले तुमी."

"हो," मी म्हणालो.